कर शून्य झाला, म्हातारपणाचा खर्च मात्र तसाच आहे

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने जाहीर केलं की नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असलेल्याचा कर शून्य. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून हे लागू झालं. शाळांच्या स्टाफरूममध्ये, बँकांत, एसटीच्या डेपोत सगळीकडे याची चर्चा झाली आणि खुशी होणं साहजिकही होतं.

पण या बातमीची दुसरी बाजू फारशी कुणी मांडली नाही. जुन्या करपद्धतीत सरकार आपल्याला एका अर्थाने बचत करायला भाग पाडत होतं. ८० सी कलमाखाली दीड लाखांची गुंतवणूक दाखवा आणि तेवढ्यावर कर वाचवा, असा तो सौदा होता. जानेवारी-फेब्रुवारी आला की ऑफिसचा क्लार्क पुरावे मागायचा आणि आपण धावपळ करून पीपीएफ, विमा, एनपीएस, काहीतरी भरून टाकायचो. नियत कर वाचवण्याची असायची, पण त्यातूनच म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला पडायचे. नव्या पद्धतीत ८० सी नाही. २०२३-२४ पासून हीच पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं. आता क्लार्क पुरावे मागत नाही आणि आपणही काही भरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. करात वाचलेली रक्कम पगारवाढ समजून खर्च केली तर दहा-पंधरा वर्षांनी त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल. आपल्या समाजात बहुतेक घरांना मालकाकडून पेन्शन नाही, त्यामुळे ही किंमत आपल्याला जरा जास्तच पडणार आहे.

आकडे काय सांगतात

एक सोपं उदाहरण घेऊ. वर्षाला १० लाख पगार असलेल्या शिक्षकाला २०२४-२५ मध्ये नव्या पद्धतीत उपकरासह ४४,२०० रुपये कर बसत होता. २०२५-२६ मध्ये तो शून्य झाला. म्हणजे महिन्याला साधारण ३,७०० रुपये हातात जास्त आले. मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता, एखादं लग्न, यात ही रक्कम कुठे गेली ते कळणारही नाही.

हेच ३,७०० रुपये दरमहा २० वर्षं गुंतवले आणि सरासरी १० टक्के वाढ मिळाली, तर सुमारे २८ लाख होतात. यात आपण स्वतः भरलेले पैसे ८ लाख ८८ हजार. ही वाढ कुणी लिहून देत नाही, कमी-जास्त होऊ शकते. शिवाय महागाईही धरावी लागते. दरवर्षी ६ टक्के महागाई धरली तर आज महिन्याला २० हजारांत चालणाऱ्या घराला २० वर्षांनी ६४ हजार लागतील, आणि ते २८ लाख आजच्या हिशेबाने पावणेनऊ लाखांच्या आसपास भरतील. म्हणजे ही फक्त सुरुवात आहे. पण सुरुवातच केली नाही तर हातात काहीच राहत नाही.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, ‘१२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून रिटर्न भरायची गरज नाही’. हे चूक आहे. नव्या पद्धतीत मूळ सूट ४ लाखांची आहे. त्यापुढे १२ लाखांपर्यंत जो कर येतो, तो सवलत म्हणून माफ होतो. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. दुकानदार, गॅरेजवाले, टेम्पो-रिक्षावाले यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण पुढे घराचं कर्ज किंवा मुलाचा परदेशी व्हिसा यासाठी तीन वर्षांची रिटर्न मागतातच.

दुसरा गैरसमज शेअर आणि फंडांच्या नफ्याचा. इक्विटी फंड वर्षभरानंतर विकून झालेल्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे. नव्या पद्धतीतली १२ लाखांवरची करमाफी या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही. ‘आपलं उत्पन्न कमी आहे, सगळंच माफ’ असं समजून चालू नये.

पेन्शन कुणाला, किती

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर होते, हे आपण विसरलेलो नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने सुधारित योजना जाहीर केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि लगेच राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली.

केंद्राच्या यूपीएसचा हिशेब असा. २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. किमान १० वर्षं सेवा असेल तर महिना १० हजार तरी नक्की. पेन्शनरच्या मृत्यूनंतर जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के.

म्हणून पर्याय निवडताना ‘यूपीएस चांगली की एनपीएस’ हा वाद नंतर घाला, आधी आपली सेवा एकूण किती वर्षं होणार ते मोजा. आपल्याकडे अनेक शिक्षक विनाअनुदानित शाळेत दहा-बारा वर्षं घालवून मग अनुदानावर आले. काहींची सुरुवात शिक्षणसेवकाच्या मानधनावर झाली. पस्तीस-अडतीसाव्या वर्षी नियमित झालेल्याला निवृत्तीपर्यंत २५ वर्षं मिळतच नाहीत. २० वर्षं सेवा झाली तर केंद्राच्या सूत्राने पेन्शन ४० टक्क्यांवर येते. ‘अर्धा पगार मिळणार’ म्हणून निर्धास्त राहिलेल्याला हा फरक निवृत्तीच्या वेळी कळला तर काही करता येणार नाही. आज कळला तर अजून वेळ आहे.

पण बहुसंख्य लोकांचं काय?

सरकारी नोकरी किती घरांत आहे? मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, मुंबईतले छोटे कारखाने, बेकरी, गॅरेज, भाजी-फळांचा धंदा, कोकणातून आखातात गेलेली मुलं, आणि खासगी शाळांत शिकवणाऱ्या आपल्या मुली-बहिणी. यांच्या म्हातारपणासाठी कुणीही काही बाजूला टाकत नाही.

खासगी शाळांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण यातल्या बऱ्याच शाळा आपल्याच संस्था चालवतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळते की नाही हा वाद अनेक वर्षं चालला. २००९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. खासगी शाळेतल्या शिक्षकालाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. १८ हजार पगारावर २० वर्षं सेवा केलेल्या बाईंचा हिशेब शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०, असा होतो. म्हणजे सुमारे २ लाख ७ हजार. किती जणींना हे माहीत आहे? आणि किती ठिकाणी पगार पाकिटात रोख देऊन सही मात्र वेगळ्याच आकड्यावर घेतली जाते? ‘कौमची खिदमत’ या नावाखाली एखाद्या बाईंचं म्हातारपण कापून घेणं ही खिदमत कशी म्हणायची, याचा विचार संस्थाचालकांनी करावा. मशिदीतले इमाम आणि मुअज्जिन साहेब यांनाही हेच लागू आहे. तीस वर्षं पाच वेळा अजान देणाऱ्याला आवाज बसल्यावर आपण काय देतो?

आखाताची गोष्ट वेगळी नाही. तिथे परदेशी कामगाराला पेन्शन नसते, सेवा संपताना एक रक्कम मिळते. सौदीच्या नियमाप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा महिना आणि पुढे दर वर्षाला एक महिन्याचा पगार. पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला साडेबारा महिन्यांचा पगार मिळतो. पंधरा ईद घरापासून दूर काढल्याचा तेवढाच हिशेब. या काळात गावी बंगला उभा राहतो, बहिणींची लग्नं होतात, पण परत आल्यावर दरमहा घर कशावर चालणार, याचं उत्तर बंगल्याच्या भिंतींत नसतं.

सूद आणि हलालचा प्रश्न

आता तो मुद्दा, ज्यामुळे अनेक दीनदार घरं हा विषयच टाळतात. बँकेची मुदत ठेव, पीपीएफ, बहुतेक पेन्शन योजना, या सगळ्यांत व्याज आहे. सूद नको म्हणून लोक पैसे चालू खात्यात, कपाटात, सोन्यात किंवा गावच्या प्लॉटमध्ये ठेवतात. ही भावना मला पूर्ण मान्य आहे. पण कपाटातला पैसा महागाईने दरवर्षी झिजतो, प्लॉट गरजेच्या वेळी विकला जात नाही, आणि सोनं पहिल्या लग्नातच घराबाहेर जातं.

देशात बिनव्याजी बँकेचा पर्यायही आलेला नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. ही पोकळी मग कोण भरतं? ‘हलाल नफा’ म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम देण्याचं आमिष दाखवणारे. बंगळुरूच्या आयएमए कंपनीचा संस्थापक जून २०१९ मध्ये देश सोडून गेला, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबं पावत्या हातात घेऊन पोलीस ठाण्यासमोर उभी होती. निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी, विधवांचे दागिने, मुलींच्या लग्नाचे पैसे त्यात गेले. तिथेही दाढी-टोपी होती, बिस्मिल्ला होती. सेबी किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी आहे का, एवढा एक प्रश्न आधी विचारायला हवा होता. आणि खऱ्या भागीदारीत नफा ठरावीक नसतो, हे तर आपल्याला मदरशातल्या मुलानेही सांगितलं असतं.

कायद्याच्या चौकटीत काही मार्ग आहेत. सेबीच्या देखरेखीखाली टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड आणि निफ्टी ५० शरीया निर्देशांकावरचा ईटीएफ आहे. यात बँका, दारू वगैरे धंद्यांचे आणि फार कर्ज असलेल्या कंपन्यांचे शेअर वगळलेले असतात. हे फंड बाजारावर चालतात, वर-खाली होतात. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा त्यात टाकू नये. मी कुणाची शिफारस करत नाही, असे मार्ग आहेत एवढंच सांगतो.

अटल पेन्शन योजनेबद्दल नेहमी विचारलं जातं. १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसाला ती घेता येते. तिसाव्या वर्षी सुरू केली तर महिना ५७७ रुपये भरून साठीनंतर महिना ५ हजार मिळतात. हमी सरकारची आहे, पण पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत जातो, म्हणजे व्याजाचा प्रश्न राहतोच. एनपीएसमध्ये शेअरचा हिस्सा जास्त ठेवता येतो, पण त्यातही बँकांचे शेअर येतात. आणि सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते. पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ आणि स्वतःहून ठेवलेली ठेव यांत अनेक मुफ्ती फरक करतात. ज्याला शंका आहे त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांकडे कागद घेऊन जावं, योजना समजावून सांगावी आणि मग फैसला करावा. मात्र ‘शंका आहे’ म्हणून वीस वर्षं काहीच न करणं, हाही एक फैसलाच आहे आणि तो सगळ्यात महाग पडतो.

तवक्कुल आणि तयारी यांत काही विरोध नाही. सूरह यूसुफ आपण सगळे वाचतो. सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवलं गेलं, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले.

नोकरी बदलताना

आजची तरुण मुलं एका नोकरीत टिकत नाहीत, आणि टिकावं असंही नाही. पण प्रत्येक बदलात म्हातारपणाचा पैसा गळतो, तो थांबवायला हवा.

नोकरी सोडली की पीएफ काढून घ्यायची सवय मोडा. यूएएन क्रमांक एकच असतो, जुना पीएफ नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर तो करपात्र ठरू शकतो. पीएफसोबतच्या पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात, मध्येच पैसे काढले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही पेन्शन फार नाही. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. तरी ती हक्काची आहे.

नोकरी सोडून धंद्यात जाणाऱ्याने करपद्धतीची निवड जपून करावी. पगारदाराला दरवर्षी नवी की जुनी हे ठरवता येतं. धंद्याचं उत्पन्न असलेला एकदा नव्यातून बाहेर पडला, तर त्याला परत यायची संधी एकदाच मिळते. आखातातून कायमचं परतणाऱ्याने एनआरई खातं रहिवासी खात्यात बदलून घ्यावं. अनिवासी असताना त्या खात्याला असलेली करसवलत परतल्यावर तशीच चालू राहत नाही. आणि बदल कुठलाही असो, सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

‘मुलंच आमची पेन्शन’

हे वाक्य आपल्या घरांत अभिमानाने म्हटलं जातं. आई-वडिलांची खिदमत हा मुलांचा फर्ज आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या मुलाला स्वतःच्या मुलांची फी, घराचं भाडं आणि आई-वडिलांची औषधं एकाच पगारात भागवायची आहेत, त्याच्यावर आपण किती ओझं टाकतोय, हे त्याला बोलता येत नाही. ज्याचा स्वतःचा थोडा तरी पैसा आहे त्या म्हाताऱ्याला घरात हक्काने बसता येतं. ज्याचा नाही, तो औषधाची चिठ्ठी उशीखाली ठेवून देतो.

घरातल्या बायकांच्या नावावर काय आहे, हेही बघा. शौहरच्या मागे बीवी सरासरी जास्त वर्षं जगते, आणि तिच्या नावावर मेहरशिवाय बहुधा काही नसतं. तिच्या नावाने वेगळं खातं, वेगळी गुंतवणूक असावी. प्रत्येक खात्यात नॉमिनीचं नाव घाला, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सर्वसाधारणपणे नॉमिनीकडे पैसा अमानत म्हणून येतो, मालकी वारसाहक्काप्रमाणेच ठरते. हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर भावा-बहिणींत बोलणं बंद होत नाही. आई-वडिलांपैकी कुणाचं वय ७० च्या वर असेल तर आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं.

या महिन्यात काय करायचं

काम फार मोठं नाही. गेल्या वर्षीचा कर आणि या वर्षीचा कर शेजारी-शेजारी लिहा. फरक बारा भागांत वाटा. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेत देऊन टाका. कुठे वळती करायची, हे आपल्या ईमान आणि अकलेप्रमाणे ठरवा. ज्यांना कर कधी बसतच नव्हता त्यांनी पाचशे-हजारापासून सुरू करावं, जमेल तसं वाढवावं.

आणि जे शाळेच्या, मशिदीच्या किंवा जमातीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी येत्या बैठकीच्या अजेंड्यावर एक विषय घ्यावा: आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाचा पीएफ भरला जातो का, ग्रॅच्युइटीची तरतूद आहे का, आणि जिथे कायदा लागू होत नाही तिथे इमाम आणि मुअज्जिन साहेबांच्या नावे दरमहा काही रक्कम बाजूला पडते का? चंद्यातून मिनार रंगवायला आपल्याकडे पैसे निघतात. याच्यासाठीही निघतील, इंशाअल्लाह. फक्त कुणीतरी हा विषय काढायला हवा.